तुटीच्या वर्षाचा तक्ता आधी लिहा : राज्य जल परिषदेला खुलं पत्र

प्रति,
सन्माननीय सदस्य, राज्य जल परिषद व राज्य जल मंडळ,
आणि जलसंपदा विभाग, महाराष्ट्र शासन

स. न. वि. वि.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मध्ये एकात्मिक राज्य जल आराखड्याचा दर ५ वर्षांनी आढावा घेण्याची सोय आहे. पुढचा आढावा घ्याल तेव्हा त्यात एक गोष्ट घाला, एवढ्याच विनंतीसाठी हे पत्र. पाणी कमी पडेल त्या वर्षी कोणी किती सोडायचं, याचा तक्ता. प्रत्येक उपखोऱ्याचा वेगळा, आकड्यांत मांडलेला, आणि धरणं भरलेली असताना मंजूर केलेला.

गोदावरी खोऱ्यातल्या एका कालव्याच्या शेपटाकडच्या पाणी वापर संस्थेचं काम मी बरीच वर्षं पाहिलं. लघुवितरिकेच्या शेवटच्या विमोचकावर, म्हणजे चारीला पाणी सोडणाऱ्या दारावर, उभं राहून जे दिसतं, ते इथे लिहितो आहे.

आपल्याकडचे सिंचन प्रकल्प बहुतेक ७५ टक्के विश्वासार्हतेवर आखलेले असतात. मागच्या पावसाच्या आणि येव्याच्या, म्हणजे धरणात आलेल्या पाण्याच्या, नोंदी घ्यायच्या, ४ पैकी ३ वर्षं खात्रीने मिळेल एवढं पाणी काढायचं आणि त्यावर लाभक्षेत्र ठरवायचं. यात गैर काहीच नाही. पण त्याच गणितात चौथं वर्ष तुटीचं जाणार, हेही लिहिलेलं असतं. प्रकल्प अहवालात भरल्या वर्षांचं पीकनियोजन हंगामवार, हेक्टरवार सापडतं आणि चौथ्या वर्षाचं पान कोरं असतं. ते वर्ष उजाडलं की आपण त्याला नैसर्गिक आपत्ती म्हणतो, टँकर लावतो, तातडीच्या बैठका घेतो. कुठल्या साली येणार तेवढं सोडून ज्याच्याबद्दल बाकी सगळं आधीपासून ठाऊक होतं, त्याला आपत्ती म्हणणं मला पटत नाही.

राज्याच्या सिंचनाचा अभ्यास करणाऱ्या बर्वे आयोगाचा अहवाल १९६२ चा, चितळे आयोगाचा १९९९ चा. दोन्ही आपापल्या काळात मोठी कामं. चितळे आयोगाने ५ खोऱ्यांची २५ उपखोरी पाडली आणि अतितुटीचं, तुटीचं, सर्वसाधारण, विपुल, अतिविपुल अशी त्यांची वर्गवारी केली. भूपृष्ठावरचं आणि भूगर्भातलं पाणी मिळून राज्यात १२६ लाख हेक्टर भिजू शकतं, असा अंदाज दिला. पुढे झालं असं की १२६ लाख हा आकडा प्रत्येक भाषणात आला आणि वर्गवारी कपाटात राहिली. अतितुटीच्या उपखोऱ्यात कालव्याचं आवर्तन कसं असावं, तिथे बारमाही पीक किती असावं, नवं औद्योगिक आरक्षण द्यावं की नाही, हे नियम त्या वर्गवारीतूनच निघायला हवे होते.

मग २००५ चा कायदा आला. जल मंडळाने आराखडा करायचा, जल परिषदेने मंजूर करायचा, प्रकल्पांना त्या आराखड्यानुसार मान्यता द्यायची, अशी रचना झाली. मुदत महिन्यांची होती, लागली वर्षं. मंडळ आणि परिषद दोन्ही कागदावर होती, बैठका नव्हत्या. मंजुऱ्या मात्र सुरूच होत्या. शेवटी जनहित याचिका झाली आणि २०१४ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आराखड्याशिवाय नवे प्रकल्प मंजूर करण्याला चाप लावला. खोऱ्यांचे आराखडे त्यानंतर मार्गी लागले. ही जुनी उणीदुणी काढायची हौस नाही. पण आढावाही असाच कोर्टाच्या तारखेची वाट पाहत बसेल, ही भीती अनाठायी नाही.

तुम्हाला नवा कायदा करायला मी सांगत नाही. त्याच कायद्याचं कलम १२(६)(ग) वाचा. खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत ऑक्टोबरअखेर, खरिपाचा वापर धरून, वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील असं नियंत्रण करायचं, असं त्यात आहे. टंचाई वाटून घ्यायची, हे तत्त्व २० वर्षांपूर्वीच कायद्यात बसलं. राज्यभर किती ठिकाणी ते अमलात येतं?

ठळक म्हणावं असं ठिकाण एकच, जायकवाडीचं. तिथेही वाद न्यायालयात गेला, मेंढेगिरी समितीने अभ्यास केला आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ ला आदेश दिला, तेव्हा. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. कोणत्या समूहातून किती, ते साठ्याच्या पायऱ्यांप्रमाणे. त्या तक्त्यातल्या आकड्यांवर नगर-नाशिककडून आणि मराठवाड्याकडून भांडता येईल, भांडतातही. पण तक्ता आहे म्हणून भांडण आकड्यांवर होतं. तक्ता नव्हता तेव्हा ते माणसांवर व्हायचं.

तरीही २०२३ मध्ये काय झालं ते आठवा. ऑक्टोबर संपता संपता ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला आणि पाणी हलायला नोव्हेंबर उजाडला. मोर्चे, निवेदनं, न्यायालयात धाव, रस्ता रोको, सगळं यथासांग पार पडलं. तोवर नदीचं पात्र आणखी सुकलेलं. पाणी सोडायचं म्हणजे आधी वाटेतल्या केटी वेअरच्या (कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या) फळ्या काढायच्या, काठावरच्या मोटारींची वीज तोडायची, बंदोबस्त लावायचा. हे सगळं करूनही जेवढं निघतं तेवढं पोचत नाही. वाळूने किती पिलं आणि मोटारींनी किती ओढलं, यावर मग पुन्हा वाद. पाणी सोडायचंच आहे तर सप्टेंबरअखेर, नदी वाहती असताना सोडलं तर त्यातलं जास्त पोचतं, हे पाटबंधाऱ्यातला कोणताही जुना पाटकरी सांगेल. पण नियम १५ ऑक्टोबरला जागा होतो. आढाव्यात ही तारीखही तपासा.

उजनीचं उदाहरण वेगळ्या जातीचं आहे. एकूण क्षमता ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी उणे ६० टक्क्यांच्या घरात गेली, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठाच उपसला जात होता. 'उणे' हा शब्द आता सोलापूरकडे इतका रुळला आहे की पेपरात रोज हवामानासारखा छापून येतो. मृतसाठा हा गाळासाठी आणि अगदी अडीनडीसाठी ठेवलेला असतो. तो कधी वापरायचा, कोणासाठी, किती टक्क्यांपर्यंत, हे कोणी आधी ठरवलेलं नाही, म्हणून तो सगळ्यांसाठी आणि कितीही वापरला जातो. मांजरा धरण आटलं तेव्हा २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. देशभर फोटो छापून आले. त्या आधीच्या काही वर्षांत मांजराच्या पाण्यावर किती ऊस उभा होता आणि शहराचं पाणी कोणत्या पातळीला कुलूपबंद व्हायला हवं होतं, याची चर्चा रेल्वेच्या फोटोइतकी कुठेच झाली नाही.

आता आमच्या टोकाचं सांगतो. ऑक्टोबरात कालवा सल्लागार समितीची बैठक होते. साठा वाचून दाखवतात, पिण्याचं आणि उद्योगाचं आरक्षण वजा करतात, बाष्पीभवन वजा करतात आणि उरलेल्या पाण्यात रब्बीची ३ आवर्तनं, उन्हाळ्याची २, असं काहीतरी जाहीर होतं. शेतकरी त्या भरवशावर पाणी मागणीचे सात नंबरचे अर्ज भरतात, बियाणं घेतात. पहिलं आवर्तन निघतं. नियम 'टेल टू हेड' असा आहे, म्हणजे पाणी आधी शेपटाला आणि मग वर. प्रत्यक्षात कालव्याच्या वरच्या अंगाला कट मारलेले, पाइप टाकलेले, मोटारी बसवलेल्या. आमच्या विमोचकापर्यंत पाणी येतं तेव्हा पाळीचे दिवस संपत आलेले असतात. चारीत घोट्याएवढं पाणी चालतं. वितरिकेच्या मुखाशी प्रवाह मोजायचा फ्ल्यूम आहे, त्याच्या मोजपट्टीवरचे आकडे शेवाळाखाली गेलेले. मोजणीदाराच्या वहीत मात्र रोजचा विसर्ग नीटनेटका लिहिलेला. विचारलं तर म्हणाला, "साहेब, वरून सांगतात तेवढा लिहितो." हा त्या माणसाचा दोष नाही. एका माणसाकडे इतक्या लांबीचा कालवा की तो रोज सायकलवरून फिरला तरी पुरा पडणार नाही.

आणि मग जाहीर झालेलं दुसरं आवर्तन लांबतं, तिसरं रद्द होतं. कोणासाठी रद्द होतं? कालव्याच्या मुखाशी ऊस उभा आहे, तो वाळू देता येत नाही, म्हणून तिथे पाणी कुठल्या ना कुठल्या वाटेने जातंच. रद्द होतं ते शेपटाकडच्या गव्हा-हरभऱ्याचं. म्हणजे तूट वाटली गेलीच. फक्त ती कोणी, कुठे बसून, कोणत्या नियमाने वाटली, याचा कागद नाही.

उसाचा मुद्दा इथे येतोच, आणि तो शिव्या घालण्यापुरता राहू नये. ज्याला कारखाना जवळ आहे आणि हमखास भाव आहे तो ऊस लावणार, यात त्याचं काय चुकलं? अडचण दुसरी आहे. बारमाही पीक एकदा उभं राहिलं की त्या क्षेत्राला तुटीच्या वर्षी आखडताच येत नाही. भुसार पिकाखालची जमीन एक हंगाम पडीक ठेवता येते, खोडव्याला मध्येच थांब म्हणता येत नाही. त्यामुळे एखाद्या लाभक्षेत्रात बारमाही पीक किती टक्के असावं, ही मर्यादा त्या क्षेत्राला किती आखडावं लागेल यावरून काढायला हवी. आठमाही सिंचनाचं, म्हणजे कालव्याचं पाणी वर्षातले आठच महिने देण्याचं, धोरण १९८० च्या दशकात याच विचाराने आलं होतं. ठिबकशिवाय उसाला कालव्याचं पाणी नाही, ही तरतूदही आली. दोन्हींचं काय झालं ते तुमच्याच फायलींत आहे.

हे असं आखडून घेणं आपल्याला नवं नाही. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांवर फड पद्धत शतकानुशतकं चालली. गावाचं भिजणारं क्षेत्र फडांत वाटलेलं, एका फडात एक पीक, आणि शेतकऱ्याची जमीन शक्यतो वेगवेगळ्या फडांत विखुरलेली. पाणी कमी असलं की एखादा फड भिजवायचा नाही. प्रत्येकाचा थोडा तुकडा कोरडा राहायचा, कोणा एकाची सगळी जमीन नाही. कुठला फड सोडायचा ते पेरणीआधी ठरायचं, पीक उभं राहिल्यावर नाही. विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पुरंदरमध्ये पाणी पंचायत उभी केली, तीत पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता माणशी ठरला आणि ऊस वर्ज्य झाला. ओझरच्या पाणी वापर संस्थांनी वाघाड प्रकल्पाचं पाणी घनमापनाने, म्हणजे मोजून, घेऊन स्वतः वाटून दाखवलं. हिवरे बाजारला पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरतात. ही सगळी उदाहरणं तुमच्या प्रशिक्षणांत, वाल्मी या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेच्या व्याख्यानांत आदराने सांगितली जातात. गावपातळीवर जे कौतुकाचं, ते खोऱ्याच्या पातळीवर सक्तीचं का होत नाही, हा माझा साधा प्रश्न आहे.

मोठ्या नदीवर हे जमत नाही म्हणाल, तर अमेरिकेतली कोलोरॅडो नदी पाहा. तिचं पाणी १९२२ च्या करारात वाटलं गेलं, तेही चांगल्या पावसाच्या वर्षांच्या नोंदी धरून. म्हणजे नदीत कायम नसतंच एवढं पाणी कागदावर वाटून टाकलं. ती चूक आजही त्यांना भोवते आहे. पण २००७ मध्ये त्यांनी एक शहाणपण केलं. मीड जलाशयाची पातळी १,०७५ फुटांखाली जाण्याची चिन्हं असतील, तर ॲरिझोनाने किती सोडायचं, नेवाडाने किती, आणखी खाली गेली तर किती, हे आधीच लिहून ठेवलं. तेव्हा पातळी त्या खुणेच्या वर होती. २०२१ मध्ये वेळ आली. ऑगस्टात टंचाई जाहीर झाली आणि पुढच्या वर्षापासून कपात लागू झाली. कपात सारखी नव्हती, ॲरिझोनाला जास्त बसली, तिथले शेतकरी चिडलेही. पण आकडे वेळ येण्याआधीच ठरलेले होते, त्यामुळे कपात होणार की नाही यावर वर्ष वाया गेलं नाही.

आपल्या तक्त्यात काय असावं, याबद्दल माझा अंदाज सांगतो; तुमच्याकडे माझ्याहून जाणते अभियंते आहेत. साठ्याच्या चार-पाच पायऱ्या धरा. प्रत्येक पायरीला कोणतं आवर्तन जाईल, ते आजच लिहा: आधी उन्हाळी हंगाम, मग रब्बीचं शेवटचं आवर्तन, आणि कपात करताना कालव्याच्या मुखापासून शेपटापर्यंत सगळ्यांच्या कोट्याला सारखीच टक्केवारी. नव्या बारमाही लागवडीला कोणत्या पायरीवर बंदी. मृतसाठ्याला कोणाच्या सहीशिवाय हात लावायचा नाही. वरच्या आणि खालच्या धरणांचं गणित जायकवाडीला बसवलं तसं बाकीच्या उपखोऱ्यांतही.

शहरं आणि उद्योग त्याच तक्त्यात यायला हवेत. पिण्याचं पाणी पहिलं, याला कोणाचीच ना नाही. पण पिण्याच्या नावाखाली गळती, बागा, धुलाई आणि बांधकामं या सगळ्यांचं आरक्षण होतं आणि वजाबाकी नेहमी शेतीतून होते. कोणत्या पायरीला महापालिकेने किती टक्के सोडायचं, तेही लिहा. नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. तसं ज्या शहराने केलं त्याला कपातीत सवलत द्या. ज्याने मैला तसाच नदीत सोडला, त्याला कसली सवलत?

मापनाशिवाय हा तक्ता निरर्थक आहे, हे वर मोजपट्टीच्या गोष्टीत आलंच. याच विभागाने २००० नंतरच्या दशकात जललेखा, स्थिरचिन्हांकन (प्रकल्पांच्या कामगिरीची तुलना) आणि सिंचन स्थितीदर्शक असे तीन वार्षिक अहवाल काढायला सुरुवात केली होती. देशात त्याचं कौतुक झालं. त्यात सातत्य राहिलं नाही. २०१२ च्या आर्थिक पाहणीवरून सिंचनाच्या टक्क्यांचं राजकारण पेटलं आणि पुढच्या पाहण्यांत तो रकानाच 'उपलब्ध नाही' झाला. ज्या घराने जमाखर्चाची वही फाडून टाकली ते पुढच्या २० वर्षांचा संसार कशावर आखणार? वितरिकेच्या मुखाशी स्वयंचलित मापक बसवा आणि आकडे त्याच दिवशी सगळ्यांना बघता येतील असे ठेवा. शेपटाकडच्या माणसाच्या हातात आज मोबाइल आहे. वर किती सुटलं आणि खाली किती आलं हे त्याला दिसलं, तर निम्मे कट आपोआप बुजतील. उरलेल्या निम्म्यांसाठी पोलीस लागतील, ते द्या.

भूजल वेगळ्या खात्याकडे, ६०० हेक्टरपर्यंतच्या योजना मृद व जलसंधारणाकडे, आणि २०२४ च्या अखेरीस जलसंपदाही खोऱ्यांनुसार दोन मंत्र्यांत वाटलं गेलं. कालव्याचं पाणी कमी झालं की त्याच शेतातली विहीर आणि बोअर जास्त चालते, हे पाण्याला ठाऊक आहे, खात्यांना नसतं. तक्ता करताना भूजल सर्वेक्षण यंत्रणेची माणसं त्याच टेबलावर बसवा, एवढंच म्हणतो.

नदीजोडाबद्दल विचाराल, म्हणून सांगतो. वैनगंगेचं पाणी ४२६ किलोमीटरच्या कालव्याने नळगंगेपर्यंत येणार, कोकणचं पाणी घाट चढून गोदावरीत पडणार. येऊ दे. पण मधल्या वर्षांतही पाऊस दगा देणारच, आणि आलेल्या पाण्यालाही चौथं वर्ष असणारच. उद्या येणाऱ्या पाण्याच्या आशेवर आज उसाचं क्षेत्र वाढतं, हे आम्ही प्रत्येक भूमिपूजनानंतर पाहिलं आहे. जोडकालव्याच्या मंजुरीसोबत त्याच्या लाभक्षेत्राचा तुटीचा तक्ता जोडलेला नसेल, तर ती मंजुरी रोखा.

पुराचं तुम्ही म्हणाल. २०१९ ला कोल्हापूर-सांगली, २०२१ ला चिपळूण, २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा. पाऊस कमी होतो आहे असं माझं म्हणणं नाही. तो लहरी झाला आहे. भरलेल्या धरणाचं पाणी कधी आणि किती सोडायचं, याचं परिचलन वेळापत्रक निदान कागदावर तरी असतं. रिकाम्या धरणाचं तसलं वेळापत्रक नाही.

हे काम चांगल्या पावसानंतरच होऊ शकतं. धरणं भरलेली असतात तेव्हा वरचा आणि खालचा दोघंही बोलायला तयार असतात, कारण कपात कोणाच्या वाट्याला येईल हे अजून कोणालाच माहीत नसतं. ती संधी फार दिवस राहत नाही.

आढाव्याचा मसुदा उपखोऱ्यानुसार मराठीत काढा, मापनाच्या आकड्यांसकट. सुनावण्या छत्रपती संभाजीनगर, नाशिक, पुण्यापुरत्या ठेवू नका, लाभक्षेत्राच्या दोन्ही टोकांना घ्या. आणि तारखा ठरवताना आवर्तनाचे दिवस टाळा. त्या दिवसांत शेपटाकडची माणसं रात्रीसुद्धा चारीवरच असतात. सुनावणीला फक्त मुखाकडची येतील.

आपला,
एका पाणी वापर संस्थेचा माजी सचिव